जाड पट्टीचें रोमन अक्षर व कालनिर्णय

हस्तलिखिताचा काळ ठरवितांना अक्षरवळण, कागद व शाई यांची साक्ष काढण्याचा प्रघात आहे. परंतु इंग्रजी छापील कागद हातीं आला म्हणजे बहुधा मजकुरावरच भिस्त ठेवण्यांत येते. वस्तुतः खिळ्यांचें वळणही साक्ष देतें. ज्या रोमन अक्षरांच्या टोकांस उभ्या दंडासारख्याच जाड आडव्या पट्ट्या असतात, त्यांचा येथें या दृष्टीनें विचार करूं.

हे खिळे इंग्लंडांत निघाले. ग्रंथमुद्रणाच्या नित्याच्या अक्षरांस टोकाशीं बारीक रेघ असे. ती दुरून दिसत नसे. माल व लॉटरी यांच्या जाहिराती भिंतींवर लागूं लागल्या तेव्हां ठळक अक्षरांची गरज भासली. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यानें इ. स. १८१५ ते १८१७ च्या सुमारास 'अँटिक' या नांवानें असे खिळे पुढें आणले. नंतर या जातीस 'इजिप्शियन' म्हणूं लागले. परंतु चौथ्या विल्यम कॅस्लननें इ. स. १८१६ च्या सुमारास अगदीं पट्टीरहित अक्षरांसही हेंच नांव दिलें होतें. सबब जुन्या यादींत केवळ हें नांव आढळल्यास, अक्षर प्रत्यक्ष पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

इ. स. १८४५ मध्यें लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेनें 'क्लॅरेंडन' काढलें. रॉबर्ट बेस्ली हा तेथील भागीदार व बेंजामिन फॉक्स हा ठसे कोरणारा. फिगिन्सच्या अक्षरांत पट्टी दंडास काटकोनांत जडलेली असे. येथें तो सांधा गोलाईनें भरलेला आहे. शिवाय साध्या अक्षरांच्या ओळींतही तें बसे. आपले लेखक पुष्पिका व मथळे तांबड्या शाईनें किंवा गेरूनें उठावदार करीत. तेंच कार्य हें अक्षर एकाच काळ्या शाईंत करूं लागलें. इ. स. १८८४ पासून खंडशः निघालेल्या ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशांतील मूळ शब्द याच जातीच्या अक्षरांत आहेत. या वळणाची नोंदणी तीनच वर्षांची होती. ती सरतांच इतर ओतशाळांनीं नकला काढल्या.

टंकलेखन यंत्रासही या पट्ट्या सोयीच्या ठरल्या. त्यांत प्रत्येक अक्षरास सारखीच जागा मिळते. अरुंद अक्षराभोंवतीं उरणारी पोकळी लांब पट्टीनें भरून निघते.

तथापि या साक्षीची मर्यादा ओळखली पाहिजे. विसाव्या शतकांत या वळणाचें पुनरुज्जीवन झालें: इ. स. १९२९ मध्यें जर्मनींत 'मेम्फिस' व इ. स. १९३४ मध्यें इंग्लंडांत 'रॉकवेल' निघालें. म्हणून या अक्षरावरून कागद अमुक काळापूर्वींचा नव्हे एवढेंच सांगतां येतें. अमुक काळानंतरचा नव्हे, असें मात्र सांगतां येत नाहीं. इ. स. १८०० चा म्हणून दाखविलेल्या जाहीरनाम्यावर हें अक्षर दिसल्यास तो त्या सालीं छापलेला नाहीं, हें निश्चित. परंतु तो मागाहूनचें पुनर्मुद्रण आहे कीं बनावट, हें कागद व मजकूर यांसच विचारावें लागेल.