मुद्रितशोधकाची मजुरी

मराठी घेऊन बी. ए., एम. ए. झालेली मुले मला हमखास विचारतात, मुद्रितशोधनात पैसे किती मिळतात? काम बैठे आहे, गावी राहून करता येते, भांडवल लागत नाही. मग पोटापुरते सुटते का? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. कारण हे एकच काम तीन वेगवेगळ्या मापांनी मोजले जाते. सरकारी छापखान्यात ते पद असते, वृत्तपत्रात नोकरी असते आणि पुस्तकांच्या धंद्यात पानांवरची मजुरी असते. रहिमतपुरात बसून गेली अनेक वर्षे मी या तिसऱ्या मापाने मोजला जातो आहे. चूक हुडकणारी नजर तिन्हीकडे तीच, पण जगणे तीन प्रकारचे.

सरकारी पदाची गोष्ट आमच्या जिल्ह्यातच पाहता येते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये आला. वाईला शासकीय मुद्रणालयही झाले. अशा मुद्रणालयांत मूळप्रत वाचक आणि मुद्रितशोधक ही पदे असतात. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, ही त्या कामाची जुनी रीत. या पदाला वेतनश्रेणी असते, महागाई भत्ता असतो, रजा असते आणि भरतीला आरक्षणही असते. शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 'शुद्ध' भाषेच्या टेबलाशी आपल्या वस्तीतला मुलगा हक्काने बसू शकला तो या बिंदुनामावलीमुळे, कोणाच्या ओळखीमुळे नव्हे. पण संगणक आले, पदे रिकामी होत गेली आणि हा दरवाजा अरुंद होत चालला.

वृत्तपत्रातल्या मुद्रितशोधकाला १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने मोठे संरक्षण दिले होते. त्या कायद्याने 'श्रमिक पत्रकार' कोण याची जी यादी केली तिच्यात संपादक, उपसंपादक, वार्ताहर यांच्या पंगतीला मुद्रितशोधकही बसवला. पुढे पालेकर, बच्छावत, मणिसाना, मजिठिया यांच्या शिफारशी आल्या. मजिठिया मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने २०११ मध्ये अधिसूचित केल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. कंत्राटी कामगारही त्यांच्या कक्षेत येतो, हे याच न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. आता १९५५ चा कायदा श्रम संहितेत विलीन झाला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मात्र कायद्याने ज्याला पत्रकार म्हटले त्याची खुर्चीच अनेक वृत्तपत्रांनी काढून टाकली. मुद्रिते उपसंपादकाने पाहावीत, नाहीतर बातमीदारानेच आपली बातमी तपासून द्यावी, असा शिरस्ता पडला. हक्क कागदावर राहिला आणि हक्कदार कार्यालयातून नाहीसा झाला.

तिसरा वर्ग पुस्तकांच्या मुद्रितशोधकांचा. तो वृत्तपत्राचा नोकर नाही म्हणून पत्रकारांचा कायदा त्याला लागू नाही. प्रकाशकाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही म्हणून भविष्यनिर्वाह निधीही नाही. त्याला पानावर किंवा फॉर्मवर पैसे मिळतात. फॉर्म म्हणजे बहुधा सोळा पाने. हा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, १६० पानांचे पुस्तक आहे आणि पानाला १० रुपये ठरले आहेत. एकूण १६०० रुपये. पहिले वाचन तासाला आठ पानांच्या गतीने केले तर २० तास जातात. दुसरे वाचन तासाला बारा पानांच्या गतीने केले तर तेरा-साडेतेरा तास. सांगितलेल्या दुरुस्त्या खरोखर झाल्या की नाहीत हे पडताळायला आणखी तीन-चार तास. सगळे मिळून ३७ तास. म्हणजे तासाला ४३ रुपये, आणि आठ तासांच्या दिवसाला साडेतीनशेच्याही आत. आमच्या शिवारात आले काढायला जाणाऱ्या माणसाची हजेरी निदान बाजाराच्या दिवशी हातात पडते. मुद्रितशोधकाचे बिल पुस्तक छापून झाल्यावर, कधी विकल्यावर निघते.

दर कशाने वरखाली होतो तेही पाहू. पान म्हणजे ठरलेले माप नव्हे. डेमी आकाराच्या पानावर बारीक टाइप आणि तळटीपा असल्या तर ते एक पान कवितासंग्रहाच्या चार पानांना भारी पडते. म्हणून शब्दांवर दर ठरवणे अधिक न्याय्य. कोष्टके, सूची, संस्कृत-पालीची अवतरणे, कायद्याची कलमे असली तर दर वाढवून मागावा. मजकूर जुन्या संगणकीय टंकातून युनिकोडमध्ये आणलेला असेल तर जोडाक्षरे फुटलेली असतात, रफार उडालेले असतात. ते काम दुपटीचे समजावे. वाचने किती, हे आधी ठरवावे. आणि सर्वांत मोठी फसवणूक अशी की वाक्ये सुधारणे, संदर्भ तपासणे, प्रकरणे लावणे हे संपादनाचे काम मुद्रितशोधनाच्या दरात करून घेतले जाते. दोन्ही कामांची नावे वेगळी आहेत. त्यांचे मोलही वेगळेच पाहिजे.

परंतु दर ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही दरपत्रकात सापडत नाही. काम कोणाला द्यायचे, हे 'याची भाषा शुद्ध आहे' या विश्वासावर ठरते. आणि आपल्या समाजात शुद्धता हा शब्द कधीच नुसता व्याकरणाचा नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या व्याकरणाची टर उडवली, तेव्हा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा नव्हता. कोणी लिहावे, याचा होता. आजही आडनाव विचारून मग मुद्रिते पाठवणारे भेटतात. एका प्रकाशनाने मला अर्ध्या दराने काम देऊ केले आणि कारण सांगितले की 'दलित पुस्तक आहे, त्यात शुद्ध करण्यासारखे फार नसते.'

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा दिली आहे. पण आपल्या आत्मकथनांत निवेदकच बोलीत बोलतो. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या नावातला अनुस्वार काढून 'बलुते' केले तर नियम पाळला जाईल, पण माणूस बदलेल. लक्ष्मण माने फलटणकडचे. त्यांच्या 'उपरा'त (१९८०) कैकाडी बोलीतले शब्द आहेत. ते कोणत्या शब्दकोशात पाहून तपासणार? माझ्या हाती आलेल्या एका पुस्तकात आधीच्या वाचकाने 'चान्या'च्या 'चाळण्या' केल्या होत्या. मेलेल्या जनावराचे मांस वाळवून वर्षभर पुरवणाऱ्या घराची भूक त्या एका दुरुस्तीने पुसली गेली. येसकर, तराळ, हाडकी-हाडवळा हे शब्द ज्याने घरात ऐकले त्याचे हे ज्ञान म्हणजे कसब आहे. बाजार त्याला कसब म्हणत नाही, म्हणून त्याचा दर लावत नाही.

आता आपल्या घरात पाहू. आपली अनियतकालिके, स्मरणिका, छोटी प्रकाशने यांत कागदाचे, छपाईचे, बांधणीचे पैसे मोजून दिले जातात. मुद्रिते मात्र कोणी शिक्षक-मित्र रात्री जागून वाचतो, कारण ते चळवळीचे काम असते. या परंपरेचा मला आदर आहे. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'चे रकाने बाबासाहेब बहुतांशी एकहाती लिहीत. पण त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. आपण होऊन दिलेला वेळ हा त्याग असतो. गरजू मुलाकडून गृहीत धरून घेतलेला वेळ ही वेठ असते, आणि वेठीचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. पुस्तकाचे अंदाजपत्रक करताना मुद्रितशोधनाची रक्कम कागदाच्या खर्चाशेजारी लिहावी. दर, वाचनांची संख्या आणि पैसे देण्याची तारीख एका चिठ्ठीवर का होईना लिहून घ्यावी. पुस्तकाच्या श्रेयपानावर मुद्रितशोधकाचे नाव छापावे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुद्रितशोधकांनी एकमेकांना आपापले दर सांगावेत. दर झाकून ठेवण्यात फायदा फक्त देणाऱ्याचा असतो. आणि प्राध्यापक मित्रांनी मराठीच्या वर्गात शुद्धलेखनाच्या नियमांबरोबर मुद्रितशोधनाच्या खुणा आणि बोलीशब्दांच्या याद्या करणेही शिकवावे.

नवख्या मुलांना मी सांगतो की केवळ यावर घर चालेल अशा भरवशावर या कामात येऊ नका. पण आलात तर फुकट करू नका. आपला शब्द जसाच्या तसा छापला जावा यासाठी आपण लढलो. तो तसा छापला गेला की नाही हे रात्रभर पाहत बसणाऱ्याची मजुरी हाही त्याच लढ्याचा भाग आहे.