शिवणीचा चाटू

नाशिकची ख्याती तांब्या-पितळेच्या भांड्यांची. भांडी बाजारात पळ्या, झारे, डाव टांगलेले दिसतात. त्र्यंबकेश्वर ओलांडून हरसूलच्या बाजूला गेलं की चुलीपाशी दिसतो तो लाकडी चाटू. नागलीची आंबील ढवळायची असो की भात वाढायचा असो, हात त्याच्याकडेच जातो.

तिकडच्या एका पाड्यावर एका बाबांना चाटू घडवताना सकाळभर पाहिलं. लाकूड शिवणीचं. फिकट पिवळट, हलकं. वाळताना फारसं आक्रसत नाही, पिळवटत नाही, म्हणून वाद्यांसाठीही वापरतात. बाबांनी वाऱ्यानं मोडलेली फांदी आणली होती, आणि तीही मुद्दाम वाकडी निवडून. चाटू मोडतो तो मानेपाशी. सरळ फळीतून मान कापून काढली की लाकडाच्या रेषा तिथेच तुटतात. वाकड्या फांदीत त्या वाकणाबरोबर वळून थेट खळगीपर्यंत जातात. सगळी कारागिरी या निवडीत आहे, असं मला तरी वाटलं. पुढचं काम म्हणजे त्या रेषा राखत जाणं.

म्हणून करवतीला हात लावला नाही. टोकावर कोयता टेकवून मोगरीनं ठोकला, फांदी आपल्या रेषेनं उभी फाटली. मधला गाभा तासून टाकला. तो राहिला तर वाळताना तिथूनच चीर जाते. पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात तुकडा पकडून वाकसानं पाठ गोलावली. खळगी गोल पटाशीनं, काठाकडून तळाकडे. उलट चालवली की धार रेषांत घुसते आणि कपचा उडतो. मी पटाशी हातात घेतली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “दाबू नका ताई, फिरवा.” खरंच, धार जराशी तिरकी सरकवली की ओलं लाकूड निमूट सुटतं.

घडलेला चाटू भाताच्या तुसात पुरून सावलीत ठेवतात. उन्हात घाई केली की तडकलाच. मग खुरासणीचं तेल. इथल्या वरकस जमिनीत खुरासणी पिकते आणि तिचं तेल हवेत सावकाश घट्ट होतं, लाकडात मुरून बसतं. शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, चिकट राहतं.

१ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली आणि खाऊच्या गाड्यांवर यंत्रानं पातळ पट्टीतून कापलेले लाकडी चमचे दिसू लागले. त्यांना खोलीच नाही, आमटी उचलायची कशात? त्यांना चाटूचे भाऊबंद म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाबांच्या घरात स्टीलची पळीही आहे. वरण वाढायला ती चालते. आंबिलीला मात्र घरच्या बाई ती घेऊ देत नाहीत: दांडा तापतो, आणि मडक्याचा तळ खरवडला जातो.