जबडा आधी पडद्यावर
(यंत्र आणि शरीर : लेखांक ६)

सीटी स्कॅनच्या शेकडो कापांतून हाडाची त्रिमिती प्रतिमा कशी उभी राहते, ते मागच्या लेखांकात पाहिले. आता त्याच प्रतिमेवरून कर्करोगामुळे काढावा लागणारा खालचा जबडा नव्याने बांधायचा आहे. त्यासाठी हाड येते ते पायातून. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असणाऱ्या फिब्युलावर शरीराचा भार फारसा नसतो. तो शेजारचे नडगीचे हाड पेलते. त्यामुळे गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग राखून मधले वीस-पंचवीस सेंटिमीटर हाड रक्तवाहिन्यांसकट काढून घेता येते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये या हाडातून जबडा घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि मोठ्या उणिवेसाठी आजही बहुतेकांची पहिली पसंती तिलाच असते. अडचण भूमितीची आहे. फिब्युला सरळसोट, जबडा घोड्याच्या नालासारखा. मधून पाचरी काढून हाडाचे दोन-तीन तुकडे करायचे आणि कोनात जुळवायचे. सहा सेंटिमीटर लांब तुकड्याचा कोन पाच अंशांनी चुकला, तर त्याचे टोक पाच मिलिमीटर भलतीकडे जाते. आणि दात इतके काटेकोर की भातातला बारीक खडाही त्यांना खपत नाही.

संगणक आला तो अचूकपणासाठी, असे सर्रास म्हटले जाते. मला वाटते, त्याने खरा बदल केला तो निर्णयाच्या वेळेत. पूर्वी किती कापायचे, कुठे वाकवायचे, हे रोगी टेबलावर असताना ठरे. आता ते काही दिवस आधी, शल्यविशारद आणि अभियंता एका पडद्यासमोर बसून ठरवतात. ठरलेले टेबलापर्यंत पोचवायला एक साधी वस्तू लागते : हाडावर चपखल बसणारा, करवतीसाठी खाचा असलेला, त्रिमिती छपाईने बनवलेला साचा. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत अशाच वस्तूला जिग म्हणतात. भोक कुठे पाडायचे ते कामगाराने दर वेळी मोजू नये म्हणून ती असते. या साच्यामुळे फिब्युला पायातल्या रक्तवाहिनीला जोडलेला असतानाच कापून, कोनात जुळवून घेता येतो. परिणामी हाड रक्ताविना राहण्याचा काळ घटतो, आणि अनेक अभ्यासांत तसे दिसलेही आहे.

यावर आक्षेप असा की निष्णात हाताला याची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे. यादृच्छिक तुलनेच्या चाचण्या थोड्या आहेत आणि गुंतागुंत किंवा हाड जगण्याचे प्रमाण संगणकामुळे स्पष्टपणे सुधारते, असे म्हणता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या सांधणारा हात तर कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. पण बोटांत मुरलेला अंदाज दुसऱ्याला तपासता येत नाही. पडद्यावरच्या आराखड्यावर मात्र कनिष्ठ डॉक्टरही बोट ठेवून ‘इथे का?’ विचारू शकतो. याहून गंभीर आक्षेप रोगाच्या वाढीचा आहे. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांत काही आठवडे गेले, तर गाठ आराखड्याची वाट पाहत थांबत नाही, आणि जिगची खाच चुकीच्या जागी पडते. म्हणून काही जण साच्यात जास्तीच्या, थोड्या पलीकडच्या खाचा ठेवतात. तो उपाय अर्धाच. उरलेला अर्धा म्हणजे वेळ वाचवणे, म्हणजेच साचा रुग्णालयातच छापणे.

खर्चाच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच सापडते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी तोंडाचा कर्करोग भारतीय पुरुषांत आघाडीवरच आहे, आणि हे रोगी बहुधा खिशाने तोकडे असतात. हाडाचे तुकडे जोडून धरणारी, प्रत्येकासाठी स्वतंत्र घडवलेली टायटॅनियमची पट्टी त्यांना परवडणे कठीण. पण आराखडा म्हणजे पट्टी नव्हे. थ्रीडी स्लायसरसारखे मोफत सॉफ्टवेअर, टेबलावर मावणारे छपाई-यंत्र आणि छापलेल्या जबड्यावर आदल्या दिवशी वाकवून ठेवलेली साधी पट्टी, एवढ्यावर बरेचसे साधते. मात्र स्वस्ताईत एक मेख आहे. घरगुती छपाईतले पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडते आणि वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये तापमान १२१ अंशांवर जाते. तेव्हा साच्यासाठी ती उष्णता सोसणारे, वैद्यकीय वापराचे रेझिनच लागते, आणि त्याचाही नमुना एकदा वाफेतून काढून, पुन्हा मोजून पाहिल्याशिवाय हाडावर ठेवता येत नाही.