सभेतील श्रोत्याचे नाव

राजकीय वक्तृत्वाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा वक्त्याविषयी असते. अमक्याचा आवाज कसा खणखणीत होता, तमक्याने पाऊण तास सभा कशी हसत ठेवली, याच्या आठवणी वयस्क मंडळी मोठ्या चवीने सांगतात. त्यात वाईट काही नाही. परंतु भाषणांची भाषा काळाबरोबर कशी पालटत गेली हे पाहावयाचे असेल, तर वक्त्याकडे पाठ फिरवून समोर बसलेल्या माणसाकडे पाहावे. वक्ता त्याला कोणत्या नावाने हाक मारतो? त्याच्याविषयी बोलताना क्रियापद कोणते वापरतो? त्याला काही मागू देतो, की फक्त घेऊ देतो? आपल्या बीड जिल्ह्याला या दृष्टीने निराळे महत्त्व आहे, कारण पुण्या-मुंबईकडे जो पालट शंभर-सव्वाशे वर्षांत सावकाश झाला, तो येथे एका माणसाच्या आयुष्यात मावण्याइतका वेगाने झाला.

न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ‘अध्यक्ष महाराज आणि सभ्य स्त्री-पुरुष हो’ हे संबोधन अशा व्यासपीठांवरच घडले. ‘सभ्य’ या शब्दाचा आज आपण ‘सुसंस्कृत’ एवढाच अर्थ घेतो. पण मूळ अर्थ सभेचा, सभेत बसण्यास योग्य असा आहे. म्हणजे या संबोधनातच श्रोत्याला सभासदाचा मान आहे. त्या काळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि अदालतीची भाषा उर्दू, वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूतून. कलेक्टराला ‘अव्वल तालुकदार’ म्हणत आणि अंबाजोगाईला मोमिनाबाद. उर्दू जलशात श्रोत्यांना ‘हाजरीन’ म्हणण्याची रीत होती; हाजरीन म्हणजे जे हजर आहेत ते. आणि सरकारी कागदात तोच माणूस ‘रिआया’ म्हणून येई. आपला ‘रयत’ हा शब्द त्याच घराण्यातला. मूळ अरबीत त्याचा संबंध राखणीतल्या कळपाशी आहे. कळपाला राखणारा असतो, कळप सभा भरवीत नाही. अगदी तसाच निजामी अंमलाचा कायदा होता. ‘गश्ती नंबर ५३’ या हुकमाप्रमाणे जाहीर सभेला आगाऊ सरकारी परवानगी लागे.

परवानगीच्या राज्यात भाषण कसे होत असेल याची कल्पना आजच्या तरुणांना येणे कठीण आहे. सरळ राजकारण बोलता येत नाही म्हणून ते शिक्षण, वाचनालय, गणेशोत्सव, साहित्य या वाटांनी बोलावयाचे. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्या काळातली मागणी कोणत्या शब्दांत केली जाई ते पाहण्यासारखे आहे: ‘आसफजाही छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती’. छत्र राजाचे आणि जबाबदारी प्रजेपुढे! एकाच वाक्यात दोन युगे बसविली होती. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि सरकारचा मोठा आक्षेप होता तो नावातील ‘काँग्रेस’ या शब्दालाच. शब्दाला सरकार इतके भिते, हे लोकांना त्यामुळे आयतेच कळले.

या लढ्याचे नेतृत्व ज्यांनी केले ते स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण भाषेच्या दृष्टीने तिचा विचार सहसा करीत नाही. मराठवाड्यातील राजकीय भाषणाची पहिली पिढी शिक्षकांची आणि वकिलांची होती. शिक्षक जेव्हा भाषण करतो तेव्हा तो समजावून सांगतो, दाखला देतो, पुन्हा एकदा सांगतो. समोरचा माणूस त्याच्या लेखी शिकणारा असतो. ‘बंधू-भगिनींनो’ हे संबोधन या काळात आपल्या गावांत रुळले. त्यात रयतेचा कमीपणा नव्हता आणि ‘सभ्य’ म्हणण्यातला शहरीपणाही नव्हता.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये जे घडले त्याच्या नावाचीही एक कहाणीच आहे. सैन्य आत आले, रणगाडे आले, पण हैदराबाद हा देशांतर्गत प्रश्न आहे अशी भारत सरकारची भूमिका असल्यामुळे अधिकृत नाव पडले ‘पोलीस कारवाई’. खेड्यातली म्हातारी माणसे मात्र ‘रझाकाराच्या वेळी’ असेच सांगत राहिली. आज १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला आपण ‘मुक्तिसंग्राम’ म्हणतो. पहिले नाव सरकारच्या सोयीचे, दुसरे सोसणाराचे आणि तिसरे लढणाराचे. भाषणांत आज तिसरे नाव चालते आणि ते योग्यच आहे. पण दुसरे ऐकणारे कान आता थोडे उरले, याचे वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वक्त्यापुढे एक विलक्षण काम होते. जो काल रयत होता त्याला तू आज मतदार आहेस हे पटवावयाचे. ‘मतदार’ हा शब्द मला फार आवडतो. संस्कृत ‘मत’ आणि फारसी ‘दार’ यांचा हा जोड. जमीनदार, वतनदार, तसा मतदार. ज्याच्याजवळ गुंठाभर जमीन नाही त्यालाही हे एक वतन मिळाले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर चिन्ह असे. त्यामुळे भाषणाचा शेवट घोषणेने करून भागत नव्हते. कोणत्या चित्राच्या पेटीत कागद टाकावयाचा हे शाळेतल्या पाठासारखे सांगावे लागे. आणि या नवशिक्या मतदाराने केले काय? सबंध देशात काँग्रेसचा जोर असताना बीडने लोकसभेवर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना पाठविले. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने डाव्यांनी या नावाखाली निवडणूक लढविली होती. पाठ नीट समजला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

यापुढची पायरी १९६७ सालची. त्या वर्षी बीडने क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर निवडून दिले. वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्रचा हा माणूस. १९४३ पासूनच्या प्रतिसरकारमुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले होते. कृष्णाकाठचा माणूस बालाघाटावर निवडून येतो, याचे कारण केवळ पक्षाच्या बळात शोधून चालणार नाही. नानांचे भाषण शिक्षकाचे नव्हते. ते शेतकऱ्याच्या रोजच्या बोलीत, बांधावर बसून गाऱ्हाणे सांगावे तसे चाले. आपल्याकडे त्याला कान तयार होता, कारण सप्ताहातील कीर्तनकार तत्त्वज्ञानसुद्धा नांगर-वखराच्या दृष्टान्ताने सांगतो. येथे श्रोता शिकणारा राहिला नाही. वक्ता त्याच्यातलाच एक झाला आणि ‘तुम्ही’ जाऊन ‘आपण’ आले.

हे ‘आपण’ मराठीचे मोठे धन आहे. इंग्रजीत बोलणारा एकाच शब्दाने ऐकणाराला आत घेतो किंवा बाहेर ठेवतो. कोणते ते संदर्भाने ओळखावे लागते. मराठीत मात्र ‘आम्ही रस्ता करू’ आणि ‘आपण रस्ता करू’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात तुम्ही बघत उभे. दुसऱ्यात तुमच्या हातात फावडे. पुढाऱ्याच्या भाषणात ‘आपण’ किती आणि ‘आम्ही’ किती एवढेच मोजले, तरी त्याचा श्रोत्याशी काय संबंध आहे ते कळते.

याच सुमारास दुसरीकडून एक तिसरेच वाक्य आले, ज्यात ‘आम्ही’ही नाही आणि ‘आपण’ही नाही: ‘रस्ता करण्यात येईल’. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले ते प्रसिद्धच आहे. अत्र्यांची थट्टा मला काहीशी अन्यायाची वाटते. अव्वल तालुकदाराचा कलेक्टर आणि कलेक्टराचा जिल्हाधिकारी झाला, तेव्हाच आमच्याकडच्या माणसाला कचेरीच्या दारावरची पाटी स्वतःच्या भाषेत वाचता आली. दोष शब्दांचा नव्हता, वाक्याचा होता. ‘करण्यात येईल’, ‘विचाराधीन आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’ या वाक्यांना कर्ताच नसतो. फाइलीत हे ठीक, कारण तेथे खाली सही असते. तेच वाक्य व्यासपीठावर आले की त्याखाली कोणाचीच सही नसते.

या कर्ताहीन वाक्यांच्या गर्दीत सरकारी भाषेतूनच एक सोन्यासारखे वाक्य निघाले, याची नोंद केली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात सबंध मराठवाडा खडी फोडावयास रस्त्यावर आला होता. त्या होरपळीतून रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा संमत झाला. तिचे वाक्य होते ‘मागेल त्याला काम’. तीन शब्दांत सगळे आहे. यात सुरुवात मागणाऱ्यापासून होते. त्याने मागितले की देणे सरकारवर बंधनकारक. अर्ज-विनवणी करणारी रयत आणि हक्काने मागणारा नागरिक यांतील अंतर इतक्या थोड्या शब्दांत सांगणारे दुसरे वाक्य माझ्या माहितीत नाही.

आश्वासन, हक्क यांबरोबर तडजोडीचीही एक भाषा असते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला, आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतून दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले ते आपल्या विभागाच्या इतिहासातील काळे पान होय. सोळा वर्षे ‘नामांतर’ या शब्दाभोवती सभा झाल्या, मोर्चे निघाले. १४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय अमलात आला तेव्हा शब्द निघाला ‘नामविस्तार’. जुने नाव राहिले, नवे नाव आले. कोणी याला शब्दच्छल म्हणेल. ज्यांनी घरेदारे जळताना पाहिली त्यांना तो पुरेसा वाटला नसेल. तरी ‘अंतर’च्या जागी ‘विस्तार’ घातल्याने एक विद्यापीठ दोन्ही नावांनी उभे राहिले, ही भाषेची कामगिरी लहान नाही.

यानंतर आपल्या जिल्ह्याच्या भाषणांत जो शब्दसंग्रह आला तो उसाच्या फडातला. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. कोयता, टोळी, मुकादम, उचल हे शब्द आधी फक्त हिशेबाच्या वहीत होते. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांसारख्या नेत्यांनी ते व्यासपीठावर आणले. ‘कोयता बंद’ या दोन शब्दांत संप, मजुरी, दरवाढ सगळे येते आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भगवानगडावरील दसऱ्याच्या मेळाव्यात श्रोता एकाच वेळी भाविक, कामगार आणि मतदार असे. पुढे गडावर राजकीय भाषण असावे की नसावे असा वाद झाला आणि मेळावा सावरगावला गेला. भाषणाची जागा कोणती, हाही भाषेचाच प्रश्न असतो.

मात्र याच काळात ‘समाज’ हा शब्द आकसला हे सांगितले पाहिजे. पूर्वी समाज म्हटले की सगळे येत. आता ‘आपला समाज’ म्हटले की जात कळते, आणि तेथले ‘आपण’ही कोणाला तरी बाहेर ठेवणारे होते. २०२३ पासूनच्या आरक्षणाच्या आंदोलनात, आपल्याच जिल्ह्यातील मातोरीचे मनोज जरांगे यांच्या भाषणांतून ‘सगेसोयरे’ हा लग्नाच्या बैठकीतला शब्द इतका गाजला की, जानेवारी २०२४ मध्ये सरकारने काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात त्याची व्याख्या करावी लागली. मागणीच्या युक्तायुक्ततेचा विचार येथे प्रस्तुत नाही. पण निजामी काळी गश्तीतला शब्द लोकांच्या तोंडी येई. आता लोकांच्या तोंडचा शब्द राजपत्राकडे चालला, हे उलटे वळण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणि आजचे नाव? ते ‘लाभार्थी’. मंत्र्यांच्या कार्यक्रमात लाभार्थी बोलावले जातात, त्यांची छायाचित्रे निघतात. विद्यार्थी म्हणजे विद्या इच्छिणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा. ‘मागेल त्याला’ मधील मागणारा आणि हा लाभ इच्छिणारा दिसावयास सारखे, पण पहिल्याची इच्छा हक्क होती. दुसऱ्याची इच्छा पात्रतेच्या यादीत बसवावी लागते. पक्ष कोणताही असो, व्यासपीठावर हाच शब्द आहे.

२०२४ साली त्यात ‘लाडकी बहीण’ची भर पडली. ‘बंधू-भगिनींनो’ मधली भगिनी बरोबरीची होती. ‘लाडकी’ म्हटले की देणाराचा हात वर येतो. येथवर माझी तक्रार. परंतु दुसरी बाजूही आहे. उसाच्या तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल जोडीच्या नावे दिली जाते आणि बहुधा पुरुषाच्या हाती पडते. ‘कामगार बंधूंनो’ म्हणणाऱ्या इतक्या वर्षांच्या भाषणांत या दुसऱ्या अर्ध्या कोयत्याला वेगळी हाक नव्हती. योजनेचे महिना दीड हजार रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले, आणि भाषणाची पहिली हाकही तिलाच आली. ही हाक भावाच्या नात्याने आली, मजुराच्या नात्याने नव्हे. तोडीचा दर आणि उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत अजून जोडीच्याच नावे मांडला जातो.