बुद्धिबळ प्रोग्रामचे स्मृतिकोष्टक

बुद्धिबळात एकाच स्थितीला अनेक वाटांनी पोहोचता येते. पांढऱ्याने आधी वजिरापुढचे प्यादे सरकवले काय किंवा उंटापुढचे, दोन्ही खेळ्या झाल्यावर पट तोच. तीच स्थिती पुन्हा तपासण्यात वेळ जाऊ नये म्हणून प्रोग्राम तिचे मूल्य, शोधाची खोली आणि सर्वोत्तम खेळी संगणकाच्या स्मृतीतील कोष्टकात नोंदवतो. १९६० च्या दशकात रिचर्ड ग्रीनब्लाट यांच्या ‘मॅक हॅक’ या बुद्धिबळ प्रोग्राममध्ये ही युक्ती होती. १९७० मध्ये अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी प्रत्येक सोंगटी-घराच्या जोडीला यादृच्छिक संख्या देऊन कोष्टकात नोंद शोधण्यासाठी स्थितीची ओळखसंख्या झटपट काढण्याची सुंदर रीत मांडली.

सर्वाधिक लाभ अंतिम डावात होतो. प्यादी अडकलेली आणि फक्त राजे फिरणारे असतील, तर त्याच स्थिती वारंवार येतात आणि शोध कितीतरी खोल जातो. मध्य डावात नोंदलेली खेळी आधी तपासल्याने निरुपयोगी फांद्या लवकर छाटल्या जातात.

यवतमाळच्या एखाद्या शाळकरी खेळाडूने लॅपटॉपवर स्टॉकफिश हा बुद्धिबळ प्रोग्राम बसवला, तर कोष्टक मुळात १६ मेगाबाइटचे असते. दीर्घ विश्लेषणात ते लवकर भरते आणि मोलाच्या नोंदी पुसल्या जातात. तेव्हा ते वाढवावे. मात्र दरवेळी आकार दुप्पट केल्याने ताकद थोडीच वाढते, आणि कोष्टक उपलब्ध रॅमपेक्षा मोठे झाले तर प्रोग्राम उलट मंदावतो.