सिनेमातली जुनी बस ओळखा!

माझे आजोबा कल्याण डेपोत कंडक्टर होते. पण त्यांच्या गाडीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तेव्हा एस.टी.चा फोटो कोण काढणार? म्हणून आम्ही दोघे टी.व्ही.वर जुने सिनेमे बघतो. हिरो बोलत असला की आम्ही त्याच्या मागचा रस्ता बघतो!

‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) तर बराचसा बसमध्येच घडतो. ‘छोटी सी बात’ (१९७६) मध्ये अमोल पालेकर मुंबईच्या बसस्टॉपवर उभा राहतो, तिथे बेस्टच्या गाड्या दिसतात.

गाडी किती जुनी ते नंबरावरून कळते. १९८९ पासून महाराष्ट्रात नव्या गाड्यांना एमएच आले. ठाण्याचा एमएच ०४, कल्याणचा एमएच ०५. त्याआधी नुसती तीन इंग्रजी अक्षरे असत. पण सिनेमा नंतरचाही असू शकतो, कारण जुन्या गाड्या जुन्याच नंबराने धावत राहिल्या. इथे मी एकदा फसलो. फार जुन्या गाडीला पुढे लांब नाक असे, त्यात इंजिन.

परवा एका सिनेमात वळणावर एस.टी. आली. आजोबा ओरडले, “थांबव, थांबव!” पण नंबर धुळीत गेला.

तुमच्या घरी वऱ्हाडाच्या फोटोत मागे एस.टी. उभी असेल, तर शाळेत आणा. आजोबा बघायला येणार आहेत.

– इयत्ता चौथी