'मुंबई' नावाचं नेटवर्क
पॉलिगॉनचं एक चाचणी नेटवर्क होतं, नाव 'मुंबई', चेन आयडी ८०००१. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते बंद झालं. त्यावरच्या नाण्यांना बाजारात काडीची किंमत नव्हती, पण चिन्ह मात्र खऱ्यासारखंच, मॅटिक! खऱ्या पॉलिगॉनचा आयडी १३७.

आता तुम्ही म्हणाल, आम्हा पाचगणीकरांना याचं काय? तर फसवणूक इथंच होते. टेलिग्रामवर कुणी सांगतो, 'दादा, हे नेटवर्क जोडा, तुमचे पैसे दिसतील.' जोडलं की दिसतातही. कारण वॉलेट शिल्लक विचारतं ती आपण भरलेल्या आरपीसी पत्त्यावरच्या सर्व्हरला. सर्व्हर त्याचा, तर उत्तरही त्याचंच. मग येतं, 'काढायचे तर आधी फी भरा.'

त्या सर्व्हरला तुमची गुप्त किल्ली मिळत नाही, बरं का. वॉलेटचा पत्ता आणि आयपी मात्र कळतो. नेटवर्कच्या नावावर जाऊ नका, ते कुणीही काहीही ठेवतो. नुसता आयडी जुळला म्हणूनही भागत नाही, खोटा सर्व्हरसुद्धा '१३७' म्हणेल. आरपीसी पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शिल्लक खरी का, हे पॉलिगॉनस्कॅन स्वतः उघडून, आपला पत्ता टाकून बघा. आणि बारा शब्द कुणी मागितले तर तिथंच थांबा. नेटवर्क जोडायला ते लागतच नाहीत.

कुणाच्या यादीत अजून 'मुंबई' असेल, तर खुशाल काढून टाका. नेटवर्क काढल्यानं पैसे जात नाहीत, फक्त दिसायचे थांबतात.